शाळेच्या दर्शनी भिंतीला सिमेंट फासू नका

मा. संपादक,

स. न. वि. वि.

खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावच्या सरकारी मराठी शाळेच्या दुरुस्तीला मंजुरी मिळाली आहे. छप्पर गळतंय, पावसाळ्यात एका वर्गातली पोरं दुसऱ्या वर्गात कोंबावी लागतात, त्यामुळे ही आनंदाचीच बातमी. पण एसडीएमसीच्या, म्हणजे शाळा विकास व देखरेख समितीच्या, बैठकीत अंदाजपत्रक वाचून दाखवलं तेव्हा त्यात दर्शनी बाजूच्या विटा आणि दगड सरसकट सिमेंटच्या गिलाव्याखाली घालून वरून प्लास्टिक पेंट मारायचा, असं निघालं. तेव्हापासून मला चैन नाही. मी त्याच शाळेत शिकलो. पण हे पत्र माजी विद्यार्थी म्हणून लिहीत नाही, गवंडी म्हणून लिहितो आहे. माझा आज्जा चुन्यात काम करायचा, वडीलही चुन्यातच वाढले. मी पोरवयात चुना घोटायच्या घाणीवर बैलामागे फिरलो आणि पुढे सगळी हयात सिमेंटमध्ये काढली. दोन्ही मालांचा स्वभाव माझ्या हाताला माहीत आहे. म्हणून ठामपणे सांगतो, त्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढला तर आतली वीट सडेल, आणि ती सडलेली कुणाला दिसणारही नाही.

आधी इमारत कशी आहे ते सांगतो, कारण रोज जाणारा-येणारा तिच्याकडे बघायचं सोडून देतो. इमारत मुंबई इलाख्याच्या काळातली. जोतं काळ्या घडीव दगडाचं. भिंतीचे कोपरे त्याच दगडाचे, आणि कोपऱ्यातल्या प्रत्येक दगडाच्या कडेनं बोटभर रुंदीची बारीक टाकी, म्हणजे छिन्नीचे घाव, मारलेली आहे, मधला भाग मुद्दाम खडबडीत ठेवलाय. त्या बोटभर कडेमुळेच कोपरा ओळंब्यात आहे की नाही ते लांबून कळतं. मधल्या भिंती पक्क्या विटेच्या, आणि खिडक्यांवर विटांच्याच कमानी. या कमानींपाशी मी आजही थांबतो. कमानीत साधी वीट लावली तर दरज, म्हणजे दोन विटांमधली मालानं भरलेली फट, खाली बारीक आणि वर रुंद होते. इथे तसं झालेलं नाही. त्या गवंड्यानं एकेक वीट दगडावर घासून पाचरीसारखी केली, म्हणून दरज वरपासून खालपर्यंत एकसारखी, बांगडीच्या काचेइतकी बारीक राहिली. एका कमानीला किती वेळ लागला असेल याचा हिशेब ज्यानं हे काम केलंय त्यालाच कळेल. अंदाजपत्रकाप्रमाणे या कमानी गिलाव्याखाली जाणार, आणि वर रंगानं खोट्या विटा काढणार, असंही कुणीतरी बैठकीत उत्साहानं बोललं.

१ नोव्हेंबर १९५६ ला आमचा तालुका मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. पाट्या बदलल्या, खाती बदलली, शाळा त्याच भिंतींत भरत राहिली. आज त्याच आवारात कन्नड वर्गही भरतात. दगड वड्डरांनी फोडला आणि घडवला, वीट कुंभारांनी भाजली, भिंत आमच्यासारख्यांच्या पूर्वजांनी चढवली. कुणाची भाषा कोणती हे भिंतीला विचारून कळायचं नाही. म्हणून या प्रश्नाला कुणी सीमाप्रश्नाचा रंग देऊ नये, अशी माझी विनंती आहे. भिंत दोन्ही भाषांच्या पोरांची आहे.

आता मुद्द्यावर येतो. सिमेंटनं काय होतं हे कुणाला पुस्तकात वाचायची गरज नाही, आमच्या शाळेची पश्चिमेची भिंत बघितली तरी पुरे. काही वर्षांपूर्वी एका ठेकेदारानं त्या भिंतीच्या दरजा सिमेंटनं भरल्या आणि खालचा भाग गिलावा मारून टाकला. त्या वेळी ते काम सगळ्यांना आवडलं होतं, स्वच्छ दिसत होतं. आज तिथे जाऊन हात लावा. सिमेंटची दरज जशीच्या तशी उभी आहे, आणि तिच्या मधली वीट आत गेली आहे. काही ठिकाणी बोटाचं पेर सहज आत जातं. जोत्यावर लाल भुकटी पडते, बिसिऊट (शाळेतलं दुपारचं जेवण) शिजवणाऱ्या बाई ती सकाळी झाडून टाकतात. ती नुसती धूळ नाही, ती शाळेची भिंत आहे. आणि पूर्वेच्या भिंतीला कुणी हात लावलेला नाही. तिथला चुना झिजलाय, काही दरजा रिकाम्या आहेत, मुंग्यांनी घरं केलीत, पण विटेची धार अजून शाबूत आहे. एकाच भट्टीची वीट, एकाच हाताचं काम, पाऊसही तोच. पश्चिमेला झड जास्त बसते हे खरं, पण झड काही आजची नाही. सिमेंट लागेपर्यंत पश्चिमेच्या विटाही धड होत्या, हे मी शाळकरी वयापासून बघत आलोय.

यामागचं कारण साधं आहे. जुनी भिंत पाणी पिते आणि उन्हात ते परत बाहेर टाकते. बेळगाव शहरात वर्षाला सरासरी १३०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि जांबोटी-कणकुंबीकडे सरकाल तसा तो कितीतरी पट वाढतो. एवढ्या पावसात भिंत ओली होणारच. प्रश्न एवढाच, की ते पाणी बाहेर कुठून पडतं. चुन्याची दरज विटेपेक्षा मऊ आणि सच्छिद्र असते, त्यामुळे ओल बहुतेक दरजेतून सुकते. ओलीबरोबर आलेले क्षार दरजेच्या तोंडाशी साचतात आणि हळूहळू दरज झिजते. ती झिजावी म्हणूनच असते. दोन पिढ्यांतून एकदा ती खरवडून नवी भरायची, वीट तशीच राहते. सिमेंटची दरज विटेपेक्षा कडक आणि बंद. मग पाण्याला बाहेर पडायला उरते ती वीटच. क्षार विटेच्या पोटात साचतात, तिथेच त्यांचे खडे धरतात, फुगतात, आणि विटेचं तोंड पोपड्यासारखं सुटतं. यालाच आपण लोणा लागला म्हणतो. विटेची बाहेरची भाजलेली कातडी एकदा गेली की आतली माती उघडी पडते आणि मग झीज झपाट्यानं होते. पूर्ण गिलावा मारला तर हेच सगळं गिलाव्याच्या मागे होतं. त्यावर प्लास्टिक पेंट चढवला की उरलासुरला मार्गही बंद. गिलाव्याला फुगे येतात, मग पुन्हा ठेकेदार, पुन्हा गिलावा.

सिमेंट वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. नवी खोली, नवा स्लॅब, पाण्याची टाकी, शौचालय सिमेंटमध्येच बांधा, मीही तेच केलंय. चुन्यात बांधलेल्या भिंतीला मात्र ते चालत नाही, एवढंच म्हणतो.

दरजा भरण्याआधी करायचं एक काम अंदाजपत्रकात नाहीच, आणि खरं दुखणं तिथे आहे. मागे कौलं उतरवून पत्रे घातले तेव्हा वळचण जवळजवळ हातभर कमी झाली. पूर्वी पागोळ्या जोत्याच्या बाहेर पडायच्या, आता पाणी थेट भिंतीवरून उतरतं. पन्हळ एका बाजूला तुटली आहे, तिथला कोपरा बाराही महिने हिरवा असतो. त्यात पुढे आवारात पेव्हर ब्लॉक बसवताना ते थेट भिंतीला भिडवले आणि जमीन वीतभर उंच केली. आता जोत्याचा वरचा दगड जमिनीलगत आलाय आणि पावसाचे शिंतोडे सरळ विटेवर उडतात. आमच्याकडे पश्चिमेच्या भिंतींना पावसाळ्याआधी पेंढ्याचे ताटवे बांधायची पद्धत होती, ती उगाच नव्हती. तेव्हा आधी छप्पर नीट करा, वळचण पूर्वीइतकी बाहेर काढा, पन्हळ घाला. भिंतीलगतचे दोन हात रुंदीचे ब्लॉक काढून तिथे खडी भरा आणि पाण्याला बाहेरच्या बाजूला उतार द्या. एवढं न करता भिंतीला हात लावाल तर चुनासुद्धा टिकणार नाही.

त्यानंतर भिंत. पूर्वेच्या कोपऱ्यातून गळून पडलेला जुन्या मालाचा बोराएवढा खडा मी घरी नेला आणि व्हिनेगरमध्ये टाकून ठेवला. फसफसून चुना विरघळला आणि तळाशी मलप्रभेची जाडसर वाळू उरली. त्यात लालसर कणी होती, म्हणजे सुरखी, विटेची भुकटी. आज्जा ओलीच्या भिंतीला सुरखी घालायचा, ती घातली की ओलसर जागीही चुना धरतो. मूळ माल काय होता हे असं घरच्या घरी कळतं. तोच माल पुन्हा करावा: एक भाग मुरलेला चुना, तीन भाग चाळलेली वाळू, आणि पश्चिमेच्या भिंतीसाठी त्यात थोडी सुरखी. कळीचा (न विझवलेला) चुना आणून पाण्यात विझवायचा, गाळायचा आणि निदान महिनाभर पाण्याखाली मुरू द्यायचा. घाणीची आता गरज नाही, हल्ली यंत्रावर माल घोटता येतो. फक्त चुना विझवायचं काम शाळेच्या आवारात करू नका. विझताना तो उकळतो, आणि डोळ्यात उडाला तर इजा होते. लांब कुठेतरी झाकलेला हौद करा.

जुनी सिमेंटची दरज काढताना ग्राइंडर लावायचा मोह होईल, कारण काम चटकन होतं. लावू देऊ नका. पातं एकदा हललं की दोन्ही बाजूंच्या विटांच्या कडा जातात आणि कमानीच्या त्या बारीक दरजा कायमच्या रुंद होतात. बारीक छिन्नी आणि हलका हातोडा, एवढंच. जिथे सिमेंट इतकं घट्ट बसलंय की काढताना वीट फुटेल, तिथे ते राहू द्यावं. दरजेच्या रुंदीच्या दुप्पट खोल खरवडायचं, धूळ काढायची, पाणी मारून भिंत ओलसर करायची, मग माल दाबून भरायचा. दरज विटेच्या तोंडापेक्षा केसभर आत ठेवायची, बाहेर फासायची नाही. नंतर ओलं गोणपाट लावून आठवडाभर तरी उन्हापासून जपायचं. चुना हवेतून घट्ट होतो आणि सावकाश घट्ट होतो. घाईघाईनं सुकवला तर भुगा होतो.

ज्या विटांचं तोंड गेलंय त्या सगळ्या टाकून द्यायची गरज नाही. वीट जपून बाहेर काढून उलटी फिरवून लावली तर मागचं शाबूत तोंड पुढे येतं. वडील असंच करायचे. ज्या पार गेल्या त्यांच्याऐवजी हातानं पाडलेली चांगली भाजलेली वीट लागेल, आणि ती शोधायला लांब जायला नको, खानापूरची माती त्यासाठीच नावाजलेली आहे. तालुक्यात वीटभट्ट्या आहेत, कौलांचं काम आहे, खानापुरात खादी ग्रामोद्योगाची कुंभारकामाची संस्था आहे. जुन्या मापाची वीट पाडून द्या म्हटलं तर कुणी ना कुणी देईलच. कळीच्या चुन्यासाठी आपल्या पूर्वेला लोकापूर-बागलकोटचा पट्टा आहे, चुनखडी तिथे मुबलक आहे.

आता साफसफाईबद्दल. दर्शनी बाजूच्या दगडांवर वर्षानुवर्षं ऑईलपेंटची पट्टी मारली जाते, दारावरच्या दगडातली कोरीव अक्षरं त्यात बुजली आहेत. ती मोकळी व्हावीत असं मलाही वाटतं. पण वाळूचा मारा, अॅसिड किंवा गाड्या धुतात तसला जोराचा फवारा यातलं काहीही वापरू नका. वाळूच्या माऱ्यानं विटेची कातडी आणि दगडावरची टाकी दोन्ही जातात. पाणी, मऊ ब्रश आणि वेळ, एवढ्यावर जेवढं निघेल तेवढं काढावं, बाकी राहू द्यावं. पन्हळीजवळ भिंतीतून पिंपळ उगवलाय. तो उपटू नका, मुळांबरोबर दोन ओळी विटा येतील. बुंध्यापाशी कापून मूळ मारावं, ते पूर्ण वाळल्यावर जागा भरावी.

काही जण म्हणतील, पट कमी होत चाललाय, शिक्षक मिळत नाहीत, आणि तुम्ही विटा-दगडांचं काय घेऊन बसलात? शिक्षक मिळायलाच हवेत, त्यासाठी मीही मोर्चात चालतो. पण दुरुस्तीचा पैसा मंजूर झालाय तो इमारतीसाठीच, तो शिक्षकांवर खर्च होणार नाही. मग त्यात इमारत खराब का करायची? आणि खर्चाचंही बघा. पूर्ण गिलावा, पुट्टी आणि रंग यांना जेवढा माल लागतो त्यापेक्षा दरजा भरायला कितीतरी कमी लागतो. मजुरी जास्त लागते, हे खरं. ती मजुरी गावातल्या गवंड्यांच्या घरात जाईल. रंगीत भिंतींची हौस असेल तर नव्या कंपाउंडच्या भिंतीवर हवी तेवढी चित्रं काढा, रेल्वेचा डबा काढा, पोरांना आवडतं. कमानींवर नको.

इंजिनिअर साहेब म्हणाले, चुन्याचं काम आता कोण करतं, कागदावर बसत नाही. माझ्या पुतण्याचा सिव्हिलचा डिप्लोमा झालाय, त्यानं मला दाखवलं. बांधकामाच्या चुन्यासाठी भारतीय मानक आहे, आयएस ७१२. चुना जागेवर विझवण्यासाठी आयएस १६३५ आहे. संरक्षित यादीत नसलेल्या जुन्या इमारतींसाठी इन्टॅक या वारसा जपणाऱ्या संस्थेनं २००४ मध्ये सनद केली आहे, तिच्यात पारंपरिक कारागिरांच्या हातून काम करून घेण्यावर भर आहे. म्हणजे कागद आहेत, फक्त ते अंदाजपत्रकात यायला हवेत. बेळगावच्या किल्ल्यातली १२०४ ची कमल बस्ती पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहे, तिच्यावर कुणी सिमेंट थापायला धजावणार नाही. आमच्या शाळेचं नाव कुठल्या यादीत नाही. तालुक्यातल्या आणि पलीकडे चंदगडापर्यंतच्या अशा कितीतरी शाळांचं नसेल. त्यांना राखायला गावाशिवाय कुणी नाही.

म्हणून माझ्या मागण्या थोड्या आणि स्पष्ट आहेत. अंदाजपत्रकातून दर्शनी बाजूचा गिलावा आणि पेंट काढून त्या जागी चुन्याच्या दरजा घालाव्यात. छप्पर, वळचण आणि पन्हळीचं काम आधी व्हावं. भिंतीचं काम उन्हाळी सुट्टीत काढू नये, कारण एप्रिल-मेमध्ये एकतर ऊन चुना जाळतं किंवा वळीव तो धुऊन नेतो. दिवाळीनंतर ते महाशिवरात्रीपर्यंतचा काळ आमच्या भागात चुन्याला सगळ्यात चांगला. काम बाहेरून आहे, एका वेळी एकाच भिंतीला परांची बांधली तर वर्ग बंद ठेवायची गरज नाही.

आणि कुणाला चुन्यावर विश्वास नसेल, तर सगळी भिंत माझ्या शब्दावर सोपवू नका. आमच्या पिढीतले चुना जाणणारे दोघे गवंडी अजून हिंडते-फिरते आहेत, मी त्यांच्याशी बोललोय. मागच्या बाजूला, मुलींच्या शौचालयाकडच्या भिंतीवर दोन खिडक्यांमधली जागा आम्हाला द्यावी. चुना आम्ही आणू, मजुरी घेणार नाही. शिकायची तयारी असलेली दोन तरुण पोरं मात्र सोबत द्या, कारण पुढच्या वेळी दरजा भरायला आम्ही नसू. तो तुकडा एक पावसाळा बघावा, शेजारच्या सिमेंटच्या तुकड्याशी ताडून बघावा आणि मगच ठरवावं. तोवर दर्शनी भिंतीच्या कामाचा आदेश थांबवावा, अशी एसडीएमसीला, ग्रामपंचायतीला आणि शिक्षण खात्याला आपल्या वृत्तपत्रातून जाहीर विनंती करतो.

आपला नम्र,
एक जुना गवंडी
खानापूर तालुका, जि. बेळगाव